शब्द, निर्बंध आणि साक्ष : क्लेम्पेररच्या दोन संहितांचे वाचन

१

फॅसिस्ट चळवळींनी सत्ता कशी हस्तगत केली आणि ज्यूंचा छळ कोणकोणत्या टप्प्यांनी संहारापर्यंत गेला, या प्रश्नाचा मराठीत जो विचार झाला तो प्रामुख्याने इतिहासलेखनाच्या आणि चरित्रलेखनाच्या अंगाने झाला. वि. ग. कानिटकरांचा 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' हा ग्रंथ मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. त्यातील प्रतिपादनाची चर्चा येथे करावयाची नाही. शीर्षकातील रूपकाकडे मात्र लक्ष वेधावयाचे आहे. भस्मासुराची कथा आपल्याला इतकी परिचित आहे की ते रूपक नाझी सत्तेला लावताना त्याच्या मर्यादा आपल्या लक्षात येत नाहीत. कथेतील असुर अखेर स्वतःच्याच मस्तकावर हात ठेवतो आणि भस्म होतो; वराचा भयंकर परिणाम शेवटी त्याचा त्यालाच भोगावा लागतो. युरोपात मात्र असुराचा हात स्वतःच्या मस्तकावर जाण्यापूर्वी सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले होते. उदय आणि अस्त या दोन बिंदूंमध्ये कथानक बसवले की या मधल्या काळाला स्वतःचे असे रूप उरत नाही.

तरीही या रूपकाचा एक पैलू आपण बहुधा दुर्लक्षितो, आणि तो फार अर्थपूर्ण आहे. भस्मासुराला सामर्थ्य स्वतःहून प्राप्त झालेले नाही, ते त्याला दिले गेले आहे. म्हणजे या कथेत वर देणारा आहे, आणि आपण देत आहोत त्याचा अर्थ काय हे देताना त्याला उमगलेले नाही. सत्ता कशी मिळाली या प्रश्नाचे निम्मे उत्तर या दात्याच्या चिकित्सेत आहे. उरलेले निम्मे उत्तर, म्हणजे वर मिळाल्यानंतर तो समाजाच्या अंगवळणी कसा पडला हे, समजून घ्यायचे तर इतिहासग्रंथांबरोबर वेगळ्या प्रकारच्या संहितांकडे वळावे लागते. व्हिक्टर क्लेम्पेरर यांचे 'एल.टी.आय.' हे १९४७ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९९५ साली प्रकाशित झालेली त्यांची रोजनिशी या तशा दोन संहिता आहेत. दोहोंचा कर्ता एक, काळ एक, सामग्री बरीचशी एक. पण त्या एकच गोष्ट सांगत नाहीत. त्यांच्यातील हे अंतर प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

प्रथम वर देणाऱ्यांविषयी. जर्मनीच्या राष्ट्रीय संसदेच्या १९२८च्या निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मते मिळाली होती. जागतिक मंदीनंतर १९३०मध्ये हे प्रमाण १८.३ टक्क्यांवर आणि जुलै १९३२मध्ये ३७.३ टक्क्यांवर गेले. १९३२च्या आरंभी बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरात होती. परंतु नोव्हेंबर १९३२च्या निवडणुकीत पक्षाची मते ३३.१ टक्क्यांपर्यंत घसरली आणि जागा २३०वरून १९६वर आल्या. म्हणजे ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरची चॅन्सेलरपदी नेमणूक केली, तेव्हा नाझी चळवळ चढतीवर नव्हती, तिला ओहोटी लागली होती. मुक्त निवडणुकीत या पक्षाला एकदाही निर्भेळ बहुमत मिळालेले नाही. सत्ता त्याच्या हाती सोपवली गेली, आणि ती सोपवणाऱ्या फॉन पापेनप्रभृती पुराणमतवादी मुत्सद्द्यांचा असा समज होता, की मंत्रिमंडळात हिटलरसह तीनच नाझी असल्यामुळे त्याला आवर घालता येईल.

हा समज किती दिवस टिकला, हे तारखांवरूनच कळते. २७ फेब्रुवारीच्या रात्री संसदभवनाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी 'लोक आणि राज्य यांच्या संरक्षणार्थ' या नावाने निघालेल्या वटहुकुमाने मूलभूत हक्क स्थगित केले. ५ मार्चच्या निवडणुकीत, विरोधकांची धरपकड चालू असतानाही, पक्षाला ४३.९ टक्के मते मिळाली. २३ मार्च रोजी संसदेने स्वतःचे कायदे करण्याचे अधिकार सरकारकडे देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी मंजूर केला. विरोधी मते केवळ सोशल डेमोक्रॅट सदस्यांची होती. कम्युनिस्ट सदस्यांना सभागृहात येऊच दिले गेले नाही. १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार, ७ एप्रिलला ज्यूंना सरकारी सेवेतून काढण्याचा कायदा, १० मे रोजी विद्यापीठीय शहरांत पुस्तकांची होळी. या कायद्याचे नाव होते 'व्यावसायिक नोकरशाहीच्या पुनःस्थापनेचा कायदा'. पुनःस्थापना म्हणजे बिघडलेले पूर्ववत करणे. या एका शब्दाने बडतर्फीला दुरुस्तीचे रूप दिले.

इटलीतील चित्र याहून काहीसे वेगळे दिसते, पण सत्ता देणाऱ्याची भूमिका तेथेही तशीच आहे. १९२१च्या निवडणुकीत जेमतेम ३५ फॅसिस्ट प्रतिनिधी निवडून आले होते. ऑक्टोबर १९२२मधील 'रोमवरील चढाई' रोखण्यासाठी लष्करी कायदा पुकारणाऱ्या हुकुमावर सही करण्यास राजा व्हिक्टर इमॅन्युएल याने नकार दिला आणि मुसोलिनीला सरकार बनवण्यास पाचारण केले. या दोन्ही उदाहरणांवरून असे दिसते, की फॅसिस्ट चळवळींनी रस्त्यावरचा हिंसाचार आणि घटनात्मक मार्ग यांचा एकाच वेळी उपयोग केला. हिंसाचाराने भीती निर्माण केली आणि त्या भीतीवरचा उपाय म्हणून स्वतःलाच पुढे केले.

३

हा तपशील आधी देण्याचे कारण असे, की भाषेविषयीची कोणतीही उपपत्ती मांडताना तिने या वस्तुस्थितीचे भान सोडता कामा नये. गेल्या काही दशकांत 'सत्ता भाषेतून घडते' हे विधान समीक्षेत इतक्या सैलपणे वापरले गेले आहे, की हिंडेनबुर्गची सही आणि बेकारांची रांग दोन्ही नुसत्या 'संहिता' होऊन बसतात. क्लेम्पेररांच्या पुस्तकाचेही असे सुलभीकरण पुष्कळदा झाले आहे. म्हणून त्यांनी प्रत्यक्षात काय केले ते पाहू.

क्लेम्पेररांचा जन्म १८८१चा. वडील रब्बी, मुलाने तरुणपणीच प्रॉटेस्टंट पंथाची दीक्षा घेतलेली. पहिल्या महायुद्धात ते आघाडीवर लढले होते. १९२०पासून ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठात ते रोमान्स भाषांचे प्राध्यापक होते आणि अठराव्या शतकातील फ्रेंच वाङ्मय हा त्यांचा अभ्यासविषय होता. माजी सैनिकांना दिलेल्या सवलतीमुळे १९३३मध्ये त्यांची नोकरी वाचली. १९३५मध्ये ती गेली. पत्नी एव्हा ज्यू नव्हती. या 'मिश्र' विवाहामुळेच ते हद्दपारीतून शेवटपर्यंत बचावले. वाचनालये बंद झाल्यावर अभ्यासकाला उरले ते आजूबाजूचे बोलणे : वृत्तपत्रांचे तुकडे, मृत्युवार्ता, जाहिराती, कारखान्यातील गप्पा, पोलिसांच्या शिव्या. या सामग्रीवर त्यांनी शब्दाभ्यास सुरू केला. 'लिंगुआ तेर्तिई इम्पेरिई', म्हणजे तिसऱ्या राइशची भाषा, या लॅटिन नावाचे आद्याक्षरी रूप हे नाझींच्या आद्याक्षरप्रेमाचे विडंबन होते आणि रोजनिशी पोलिसांच्या हाती पडलीच तर उपयोगी पडेल असे सांकेतिक नावही होते.

त्यांच्या विश्लेषणाचे सामर्थ्य शब्दनिवडीत आहे. 'फनाटिश' हे विशेषण घ्या. व्होल्तेरच्या परंपरेत वाढलेल्या अभ्यासकाला हा शब्द निंदाव्यंजक म्हणूनच माहीत होता. धर्मवेड, विवेकशून्यता ही त्याची अर्थच्छाया. नाझी भाषेत तो प्रशंसेचा झाला. निष्ठा 'फनाटिश' असते, श्रद्धा 'फनाटिश' असते. अतिवापराने त्याची धार बोथट झाली, तेव्हा युद्धाच्या अखेरच्या काळात त्यामागे आणखी तीव्रतादर्शक विशेषण जोडावे लागले. हा अर्थबदल दिसण्यासाठी अठराव्या शतकाचा अभ्यास हाताशी असावा लागतो, आणि क्लेम्पेररांचे पांडित्य येथे अलंकार न राहता उपकरण होते. 'ग्लाइखशाल्टुंग' हा दुसरा शब्द. अनेक उपकरणे एकाच विद्युत्प्रवाहाला जोडण्याच्या कल्पनेवरून आलेला हा शब्द संघटना, विद्यापीठे, वृत्तपत्रे पक्षाच्या ताब्यात घेण्याला वापरला गेला. माणसांविषयी बोलताना यंत्राची क्रियापदे वापरली की विरोध म्हणजे केवळ तांत्रिक बिघाड ठरतो.

याहून सूक्ष्म निरीक्षणे व्याकरणाची आणि विरामचिन्हांची आहेत. आइन्स्टाइनच्या शास्त्रज्ञपणाभोवती, हाइनेच्या जर्मनपणाभोवती उपरोधाची अवतरणचिन्हे येतात. आरोप न करताच निकाल दिला जातो. 'ज्यू असे करतो, ज्यू असे इच्छितो' हा एकवचनी प्रयोग जर्मन भाषेत निश्चित उपपदाच्या आधाराने उभा राहतो. मराठीत उपपद नाही, पण समूहाला एकवचनी कर्ता करण्याची सोय आपल्याही भाषेत आहे आणि ती आपण रोज वापरतो. त्यामुळे या प्रयोगाचा प्रत्यय मराठी वाचकाला अनुवादाविनाही येऊ शकतो. १९३३मध्ये जर्मनीत सुमारे पाच लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी ज्यू होते. दुकानदार, डॉक्टर, सैनिक, संगीतकार, बेकार अशा या लाखो परस्परभिन्न माणसांचे एकाच हेतूने वागणाऱ्या एका व्यक्तीत रूपांतर व्याकरणाने केले.

येथे उपपत्तीचा प्रश्न उद्भवतो. शब्द हे आर्सेनिकच्या अत्यल्प मात्रांसारखे नकळत गिळले जातात आणि काही काळाने विषबाधा दिसू लागते, अशा आशयाची क्लेम्पेररांची उपमा बरीच प्रसिद्ध आहे. ती अपुरी आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. विषबाधेच्या उपमेत गिळणारा निरपराध असतो. प्रत्यक्षात अनेकांना नव्या शब्दांचा उपयोग होता : रिकाम्या झालेल्या पदावर नेमणूक, स्वस्तात मिळालेले दुकान, लिलावातले फर्निचर. ज्यूंच्या मालकीचे उद्योग बळकावण्याला 'आर्यीकरण' म्हटल्यामुळे ते घेणाऱ्याची सोय झाली, पण घेण्याची इच्छा त्या शब्दाने निर्माण केली असे म्हणता येत नाही. वॉल्टर बेन्यामिन यांनी १९३६मध्ये फॅसिझमच्या संदर्भात राजकारणाच्या सौंदर्यीकरणाची जी मांडणी केली, तिचे लक्ष संचलने आणि युद्ध यांच्या भव्य दृश्यांकडे होते. क्लेम्पेररांचे वेगळेपण असे, की त्यांचे लक्ष भव्यतेकडून दैनंदिनाकडे वळले. तेव्हा 'एल.टी.आय.'ला सत्ताप्राप्तीच्या कारणांची मीमांसा मानण्याऐवजी सत्ता अंगवळणी पडण्याच्या प्रक्रियेचे वर्णन मानावे. कारण म्हणून ते दुबळे ठरते, वर्णन म्हणून मात्र त्याला तोड नाही.

४

अंगवळणी पडण्याची ही प्रक्रिया कालबद्ध आहे, आणि काळाचे रूप दाखवण्यात पुस्तकापेक्षा रोजनिशी सरस आहे. १९४७चे पुस्तक शेवट माहीत असलेल्या माणसाने लिहिले. त्यात प्रकरणे विषयवार आहेत. उदाहरणे वेगवेगळ्या वर्षांतून उचलून एकत्र ठेवलेली आहेत. रोजनिशीतल्या माणसाला उद्याचे ठाऊक नाही. तो घर बांधतो, उतारवयात मोटार चालवायला शिकतो, अठराव्या शतकाच्या वाङ्मयेतिहासाची प्रकरणे लिहितो, हृदयाच्या दुखण्याची तक्रार करतो आणि या सगळ्यांत अधूनमधून एक नवा निर्बंध येऊन पडतो. वाचकाला शेवट ठाऊक असल्यामुळे त्याला हा संथपणा असह्य होतो. वेळीच देश का सोडला नाही, असा प्रश्न तो विचारतो. पण हा प्रश्न त्या शेवटाच्या ज्ञानातून आलेला आहे. कोणती पायरी निर्णायक होती, हे पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. रोजनिशीच्या रूपबंधातून हे आपोआप व्यक्त होते, त्यासाठी वेगळे भाष्य करावे लागत नाही.

सप्टेंबर १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व दुय्यम केले आणि विवाहसंबंधांवर बंदी घातली. ऑगस्ट १९३८च्या आदेशाने, ज्यांचे नाव सरकारमान्य ज्यू नावांच्या यादीत नाही, त्या पुरुषांना 'इस्राएल' आणि स्त्रियांना 'सारा' हे नाव जोडणे सक्तीचे झाले. स्वतःच्या सहीतही ते लिहावे लागले. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ला प्रार्थनास्थळे जाळण्यात आली, सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना अटक झाली आणि नासधुशीबद्दल ज्यू समाजालाच शंभर कोटी मार्कांचा दंड ठोठावण्यात आला. मे १९४०मध्ये क्लेम्पेरर दांपत्याला स्वतःचे घर सोडून 'ज्यू-गृहा'त राहावे लागले. १९ सप्टेंबर १९४१पासून कपड्यांवर पिवळा तारा लावण्याची सक्ती अमलात आली. तारा शिवला त्या दिवसाला क्लेम्पेरर बारा वर्षांतील सर्वांत कठीण दिवस म्हणतात. वाचकाला हे प्रथम विचित्र वाटते, कारण मृत्यूचे सावट त्यानंतर अधिक गडद झाले. पण तोपर्यंत रस्त्यावर चालणारा माणूस कोणीही असू शकत होता; त्या दिवसापासून त्याचे घर त्याच्या अंगाबरोबर चालू लागले आणि कोणाचीही नजर त्या घरात शिरू शकली.

जून १९४२मधील एका नोंदीत लेखकाने तोवरचे निर्बंध क्रमांक घालून मांडले आहेत. ही यादी तिसाच्या पुढे जाते. रेडिओ, दूरध्वनी, नाट्यगृह, चित्रपटगृह, वाचनालय, वृत्तपत्र विकत घेणे, वाहनातून प्रवास, टंकलेखनयंत्र, तंबाखू, फुले विकत घेणे, न्हाव्याकडे जाणे. वाङ्मयीन दृष्टीने यादी हा सर्वांत निष्प्रेम रूपबंध. तिला कथानक नाही, क्रियापद नाही, चढउतार नाहीत. परंतु येथे सत्तेचेच रूप यादीचे आहे, आणि लेखक ते फक्त उतरून घेतो. फुलांवरच्या बंदीने कोणाच्या सत्तेत भर पडते, याचे उत्तर यादीत नसते, कारण यादीला कारणे द्यावी लागत नाहीत. या काळातील एक प्रसंग मात्र यादीत मावत नाही. ज्यूंना पाळीव प्राणी ठेवण्याची मनाई झाली. मुशेल नावाचे त्यांचे मांजर दुसऱ्याला देण्याचीही परवानगी नव्हती, तेव्हा एव्हा त्याला पशुवैद्याकडे नेऊन शांतपणे मारवून आली. हद्दपारीच्या बातम्यांच्या नोंदींशेजारी ही नोंद येते आणि तिचे प्रमाण लेखक कमी-अधिक करीत नाही. कोणत्या दुःखाला किती जागा द्यावी, हे नंतर ठरवणाऱ्या पुस्तकी शहाणपणापासून रोजनिशी येथे मुक्त आहे.

तिचे साक्षीमूल्यही याच प्रामाणिकपणात आहे. १९९६मध्ये डॅनिएल गोल्डहागेन यांच्या ग्रंथाने सामान्य जर्मनांच्या सहभागाविषयी वाद उभा केला, तेव्हा वर्षभरापूर्वीच प्रसिद्ध झालेल्या या रोजनिशीचा हवाला दोन्ही बाजूंनी देता येण्यासारखा होता. तारा पाहून शिव्या देणारी मुले तीत आहेत, आणि रस्ता ओलांडून मुद्दाम हस्तांदोलन करणारा अनोळखी गृहस्थही आहे. घरझडतीत मारहाण करणारे गेस्टापोचे अधिकारी आहेत, गुपचूप भाजी देणारे दुकानदारही आहेत. रोजनिशी या माणसांची बेरीज-वजाबाकी करीत नाही. हस्तांदोलन करणारे होते म्हणून गाड्या थांबल्या नाहीत, आणि गाड्या थांबल्या नाहीत म्हणून हस्तांदोलन खोटे ठरले नाही. ही दोन्ही विधाने एकत्र धरून ठेवणे वाचकाला जड जाते.

५

रोजनिशीच्या शेजारी एक कादंबरी ठेवली, तर रूपबंधाचा हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. जॉर्जो बास्सानी यांची १९६२ची 'फिन्झी-कोन्तिनींची बाग' फेरारा शहरातील ज्यू समाजाविषयी आहे. इटलीत फॅसिस्ट राजवटीने ज्यूविरोधी कायदे केले ते सत्ता मिळाल्यानंतर सोळा वर्षांनी, १९३८मध्ये. तोवर अनेक इटालियन ज्यू पक्षाचे सदस्य होते. निवेदकाचे वडील अशांपैकीच. नाझीवादात ज्यूद्वेष आरंभापासून मध्यवर्ती होता. इटलीत मात्र सत्ता स्थिरावल्यावर तो राजवटीच्या धोरणात आणला गेला. म्हणून फॅसिझम आणि ज्यूंचा छळ यांत एकच अटळ सूत्र आहे असे मानणारी मांडणी इटलीच्या उदाहरणाशी जुळत नाही. मात्र सोळा वर्षांत विरोधी आवाज, मुक्त वृत्तपत्रे आणि स्वतंत्र न्यायसंस्था यांचा ऱ्हास झालेला असल्यामुळे कायदे आले तेव्हा त्यांना अडवणारे फारसे कोणी उरले नव्हते, हेही तितकेच खरे.

कादंबरीत छळाचा आरंभ होतो तो टेनिस क्लबमधून. ज्यू सदस्यांना क्लबमधून काढले जाते. फिन्झी-कोन्तिनी हे श्रीमंत कुटुंब आपल्या बागेतील मैदान त्यांच्यासाठी खुले करते आणि त्या शरद ऋतूतील खेळांतून निवेदकाचे निष्फळ प्रेम आकाराला येते. पुढे निवेदकालाही नगर-ग्रंथालयातून जायला सांगितले जाते. क्लेम्पेररांसमोर ड्रेस्डेनच्या ग्रंथालयाचे दार बंद झाले ते त्याच सुमारास. वाचकाला बाहेर काढणे हा एकच प्रसंग दोन देशांत, दोन वाङ्मयप्रकारांत येतो. बास्सानी त्याला स्मृतीच्या प्रकाशात ठेवतात : कादंबरी आरंभीच सांगते की या कुटुंबातील माणसे हद्दपारीत नाहीशी झाली. त्यामुळे टेनिसचा प्रत्येक चेंडू, सायकलवरची प्रत्येक फेरी वाचकाला शोकगीतासारखी ऐकू येते. हा परिणाम उत्कट आहे, परंतु त्याची किंमत अशी, की गेलेले जग सुंदर होऊन बसते. बागेची भिंत छळापासून जसे रक्षण करते तसेच ते पाहण्यापासूनही करते, आणि कादंबरीला याचे भान आहे. प्रत्येक वाचकाला ते राहीलच असे नाही. क्लेम्पेररांच्या नोंदीत ग्रंथालयाचे दार बंद होते तेव्हा त्यामागे शोकगीत नाही. अर्धवट राहिलेले प्रकरण आहे आणि ते कसे पूर्ण करावे याची काळजी आहे. एक संहिता आपल्याला हानीचे मूल्य सांगते, दुसरी हानी घडत असताना ती कशी दिसते ते सांगते. या दोन ज्ञानांची जागा एकमेकांना घेता येत नाही.

६

आता पुस्तकातील सर्वांत महत्त्वाच्या, आणि लेखकाच्याच विरुद्ध जाणाऱ्या मुद्द्याकडे येऊ. सक्तीच्या मजुरीच्या काळात कारखान्यात फ्रीडा नावाची एक कामगार स्त्री क्लेम्पेररांशी, ज्यू कामगारांशी बोलण्यास मनाई असूनही, ममतेने वागत असे. आजारी पत्नीसाठी तिने एक सफरचंद आणून दिले. आणि मग कुतूहलाने विचारले, की तुमची बायको जर्मन आहे म्हणतात, ते खरे का? समोरचा माणूस जर्मन भाषेचा, जर्मन विद्यापीठाचा, जर्मन आघाडीवर लढलेला. तरी तिच्या प्रश्नात तो जर्मन नव्हताच. सफरचंद देणाऱ्या हाताला द्वेष ठाऊक नव्हता, पण वर्गीकरण तिच्या शब्दांत शिरले होते. द्वेष नसलेल्या माणसाच्या तोंडी वर्गीकरण येते, तेव्हाच सत्तेची भाषा सर्वसामान्य झालेली असते. हा क्लेम्पेररांचा सर्वांत खोल निष्कर्ष आहे.

परंतु याच वर्गीकरणाला स्वतः क्लेम्पेरर कसे उत्तर देतात? खरा जर्मन मी, आणि नाझीच अ-जर्मन, असे ते रोजनिशीत वारंवार म्हणतात. म्हणजे 'जर्मनपणा' नावाचे एक मूलतत्त्व आहे आणि ते काहींजवळ असते व काहींजवळ नसते, ही प्रतिपक्षाची चौकट ते स्वीकारतात. फक्त सभासदांची यादी उलटी करतात. 'एल.टी.आय.'मध्ये हेर्झल यांच्या झायोनिस्ट लेखनाची नाझी भाषेशी केलेली तुलनाही याच आग्रहातून येते, आणि छळ होणारा समूह व छळ करणारी राज्यसत्ता यांतील अंतर तीत पुसट होते. पीडितांच्या भाषेतही विजेत्यांचे शब्द शिरतात हे सांगणारा अभ्यासक स्वतःला त्यातून पूर्णपणे वगळू शकला नाही. हे त्यांना कमीपणा आणणारे आहे असे नाही. मात्र त्यांच्या पुस्तकाची उपपत्ती त्यांनाच लागू करणे हे वाचकाचे काम आहे.

कोकणच्या इतिहासातून येथे एक गोष्ट आठवते. बेने इस्राएल समाजाला अलिबाग परिसरात 'शनवार तेली' म्हटले जाई : तेलाचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे. हे नाव जातिव्यवस्थेच्या चौकटीतले आहे. त्याला सहिष्णुतेचे प्रमाणपत्र म्हणून मिरवण्याचे कारण नाही. तरीही या नावात माणूस काय करतो आणि कोणत्या दिवशी करीत नाही याची नोंद आहे. 'इस्राएल' आणि 'सारा' ही लादलेली नावे माणसाविषयी काहीच सांगत नाहीत. ती केवळ त्याला वेगळा काढतात. नाव ठेवण्याच्या या दोन रीतींमधील फरक मराठी समीक्षेने तपासण्यासारखा आहे.

१३ फेब्रुवारी १९४५च्या सकाळी ड्रेस्डेनमध्ये उरलेल्या ज्यूंपैकी अनेकांना, तीन दिवसांनी मजुरीसाठी बाहेरगावी जाण्यास हजर राहावे, अशा सूचना वाटण्याचे काम क्लेम्पेररांवर आले. त्या 'मजुरी'चा अर्थ वाटणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही कळत होता. त्याच रात्री दोस्तांच्या विमानांनी शहर बेचिराख केले. सुमारे पंचवीस हजार माणसे मेली, आणि त्या गोंधळात एव्हाने चाकूने कापून काढलेला तारा टाकून हे दांपत्य निसटले. हजारोंच्या मृत्यूने आपले प्राण वाचले, ही वस्तुस्थिती रोजनिशी कोणत्याही अलंकाराविना सांगते.

पुढची कहाणी 'एल.टी.आय.'च्या वाचकाला माहीत नसते, रोजनिशीच्या वाचकाला असते. युद्धानंतर क्लेम्पेरर कम्युनिस्ट पक्षात गेले, पूर्व जर्मनीत सन्मानाने प्राध्यापक आणि संसदसदस्य झाले. १९४५च्या उन्हाळ्यापासूनच ते रोजनिशीत 'एल.क्यू.आय.', म्हणजे चौथ्या राइशची भाषा, या शीर्षकाखाली नव्या सत्तेच्या शब्दांची टिपणे करू लागले. जुने साचे नव्या तोंडांत त्यांना ऐकू येत होते. ही टिपणे मात्र त्यांनी प्रसिद्ध केली नाहीत. १९६०मध्ये त्यांचे निधन झाले; युद्धोत्तर रोजनिशी छापली गेली ती १९९९मध्ये, पूर्व जर्मनीचे राज्य संपल्यानंतर. पहिल्या वेळी कान आणि लेखणी दोन्ही जागी होती, आणि लपवलेली पाने पत्नीने जीव धोक्यात घालून मैत्रिणीकडे पोहोचवली. दुसऱ्या वेळी कान तितकाच जागा होता, पाने लपवण्याला तेवढा धोकाही नव्हता. पण नव्या राज्याने त्यांना अध्यासन दिले होते.

या उत्तरार्धामुळे 'एल.टी.आय.'चे मूल्य उणावते असे मानण्याचे कारण नाही. परंतु भाषेच्या अभ्यासकाला शब्दांची जाण असली की तो सत्तेपासून आपोआप सुरक्षित होतो, हा विद्यापीठीय समज त्यामुळे टिकत नाही. १९३३मध्ये क्लेम्पेररांच्या विद्यापीठातील सहकाऱ्यांनाही व्होल्तेर ठाऊक होता. त्यांनी नव्या शब्दांचा अर्थ ओळखला नाही असे म्हणणे कठीण आहे. त्या शब्दांच्या बदल्यात त्यांना काय मिळत होते, हा प्रश्न विचारावा लागतो. क्लेम्पेररांच्या दोन्ही संहिता एकत्र वाचल्या तर हाच प्रश्न लेखकालाही विचारता येतो, आणि त्यासाठी लागणारा पुरावा त्यांनी स्वतःच, एकही पान न फाडता, मागे ठेवला आहे.